पार्टीचं नाव शोधायचंय: एलास्टिकसर्च की पोस्टग्रेस?

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा व्यापाऱ्याच्या बिलिंगमध्ये पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव शोधायला मी एलास्टिकसर्च (वेगळं शोध-इंजिन) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) दोन्ही चालवून पाहिले, म्हणून लिहितोय. डेटाबेसच्या लाइकमध्ये (मजकुरातला तुकडा जुळवायची आज्ञा) शब्दाच्या आधी टक्क्याचं चिन्ह, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’, आलं की साधा इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) कामाचा राहत नाही, इथवर तुम्ही आला आहात असं धरतो.

एलास्टिकसर्चचा शोध देखणा आहे. लांब मजकूर, समानार्थी शब्द, कोणता निकाल वर यावा याचा हिशेब, यात पोस्टग्रेस मागे पडतं. करारनामे किंवा तक्रारअर्ज धुंडाळायचे असतील तर खुशाल तेच घ्या.

माझं दुखणं वेगळं होतं. एलास्टिकमध्ये डेटाची दुसरी प्रत ठेवावी लागते आणि ती ताजी ठेवणं आपल्या गळ्यात. नवी नोंद शोधात यायला तिथे मुळात सेकंदभर लागतो, ते चालतं. पण एका दुपारी नोंदी तिकडे पोचवणारा मधला जॉब गुपचूप बंद पडला. काउंटरवरून फोन आला, "भाऊ, पार्टी दिसून नाही राहिली, सकाळीच तर टाकली होती." मी लॉग उघडेपर्यंत मुनीमजींनी तीच पार्टी नव्याने टाकून बिलही फाडलं होतं. एकाच माणसाची उधारी दोन खात्यांत! ती निस्तरण्यात माझा अख्खा रविवार गेला. चूक एलास्टिकची नाही, माझ्या जोडणीची, हे कबूल. पण जोडणीच नसती तर?

पोस्टग्रेसमधलं पीजी_टीआरजीएम (pg_trgm) हे एक्स्टेंशन, म्हणजे जोडपुरवणी, पार्टीच्या नावाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून इंडेक्स बांधतं, तेही नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे नोंदीसोबतच. नोंद सेव्ह झाली की सापडते. नावं इंग्रजीत टाइप होतात, तेव्हा वानखेडे कुणी डब्ल्यूने लिहितो, कुणी व्हीने. या दोहोंचं साम्य (० ते १ मध्ये) ०.५ भरतं आणि जुळलं म्हणायची मुळातली किमान मर्यादा ०.३ आहे, म्हणजे दोन्ही हाती लागतात. इंडेक्स जरा फुगतो, लिहिणं थोडं मंदावतं म्हणतात. आमच्या काउंटरवर तरी कुणाला जाणवलं नाही.

खोट एकच. लाइकमध्ये दोन्ही बाजूंना टक्का लावून दोनच अक्षरं टाकली तर तुकडा पडत नाही आणि इंडेक्स असून नसल्यासारखा होतो. इंग्रजीत ‘ओम’ दोनच अक्षरांचा, आणि इतवारीत ओमने सुरू होणाऱ्या पार्ट्या काही कमी नाहीत. मुनीमजी आता पुढच्या शब्दाचं एक अक्षर टाकूनच एंटर दाबतात. कुरकुरतात, पण दुसरं खातं उघडत नाहीत.