अँकीड्रॉइड: एका डोक्यासाठीचं अ‍ॅप, आमच्या ३८ डोक्यांच्या वर्गात

पाचपैकी चार तारे. वर्षभर वापरून लिहितेय. आठवी ब, पट ३८, विषय विज्ञान.

अँकीड्रॉइड हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून अभ्यास करायचं मोबाइल अ‍ॅप. नावातलं 'अँकी' म्हणजे जपानीत पाठांतर. हे सांगितल्यावर स्टाफरूममध्ये लगेच एक जण म्हणालेच, "म्हणजे घोकंपट्टीच की मॅडम!" तसं नाही. घोकताना उत्तर डोळ्यांपुढे असतं. इथे कार्डावर नुसता प्रश्न येतो. उत्तर आधी डोक्यातून काढायचं, मग कार्ड उलटायचं. ती खटपट हाच अभ्यास. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग मला म्हणूनच आवडतो. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. "बाई, सगळं वाचलंय" म्हणणारी पोरं घटक चाचणीत पेन चावत का बसतात, ते मला तिथे कळलं.

दुसरी खुबी अंतराची. आठवलं की अ‍ॅप त्या कार्डाची पुढची भेट लांबवतं, विसरलं की लगेच पुढ्यात आणतं. मधल्या रात्रीही कामाला येतात, कारण नव्या आठवणींची उजळणी मेंदूतला हिप्पोकॅम्पस झोपेत करत असतो. म्हणून शनिवारी तासभर रेटण्याऐवजी मी रोज तासाची पहिली सहा मिनिटं दिली. मोबाइल प्रोजेक्टरला जोडायचा, बस.

सुरुवातीला माती खाल्ली ती मीच. 'पेशी व पेशीअंगके' हा अख्खा धडा एका रविवारी कार्डांत कोंबला. दिवसाला २० नवी कार्डं ही अ‍ॅपने आधीच ठेवलेली मर्यादा, ती मी हौसेने ६० केली. गुरुवारपर्यंत जुन्या कार्डांचा असा ढीग झाला की सहा मिनिटांची वीस झाली. त्यात कार्डंही वाईट. 'लयकारिकेची रचना व कार्ये लिहा' हे कार्ड नव्हे, पेपरातला प्रश्न झाला. आता 'पेशीतल्या आत्मघाती पिशव्या कोणत्या?' एवढंच विचारते; उत्तर, लयकारिका. हे कार्ड कुणी विसरत नाही, नावच तसं आहे.

एक तारा कापलाय तो बटणांसाठी. 'पुन्हा', 'अवघड', 'ठीक', 'सोपं' यांतलं एक दाबायचं, त्यावरून पुढची तारीख ठरते. पण ३८ जणांत दाबायचं कुणाच्या मेंदूचं ऐकून? पुढच्या बाकावरच्या दोघी ओरडायच्या आणि मी 'सोपं' दाबायची. एकदा मागून आवाज आला, "बाई, तुम्ही सोपं दाबलं, पण मला कुठं आलं?" खरंच होतं. तेव्हापासून आधी सगळे वहीत लिहितात, मग हात वर. निम्मे हात नसतील तर 'पुन्हा'.

तरी ज्याचं त्याचं विसरणं वेगळंच राहतं. घरी मोबाइल नसलेल्यांसाठी मग जुनी युक्ती काढली: सेबॅस्टियन लाइटनर या जर्मन माणसाने १९७० च्या दशकात सुचवलेली कप्प्यांची पेटी. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात. आमच्या पेट्या चपलांच्या खोक्यांच्या आहेत.

अँड्रॉइडवर अ‍ॅप फुकट, जाहिराती नाहीत. आयफोनवर पैसे पडतात. मराठी कार्डं नीट दिसतात. तो मागच्या बाकावरचा मुलगा अजून खोकंच वापरतो. त्याचा पहिला कप्पा जाड आहे, पण तिसऱ्यातही आता बरीच कार्डं आहेत.