सांधण दरीसाठी साम्रदचा घरगुती मुक्काम

अकोले तालुक्यातील साम्रद हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातील छोटे गाव असून सांधण दरीची वाट तिथून अगदी जवळ आहे. त्यामुळे भंडारदऱ्याच्या हॉटेलात उतरून पहाटे गाडीने येण्यापेक्षा गावातल्या घरीच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही उतरलो त्या घरातले जेवण हीच या मुक्कामाची सर्वांत मोठी जमेची बाजू होती. चुलीवर भाजलेली नागलीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती आणि सोबत पिठले, पाट्यावर वाटलेला ठेचा व गरम वरण-भात होता. मात्र भाकऱ्या हाताने थापायच्या असल्याने किती माणसे येणार हे घरच्यांना आदल्या दिवशीच कळवावे; आयत्या वेळी संख्या वाढवणे त्या माउलीवर अन्याय करणारे आहे. अंथरूण-पांघरूण स्वच्छ होते, पण शौचालय घराबाहेर असल्याने वृद्धांची थोडी गैरसोय होईल.

दरीत उतरताना गावातला वाटाड्या जरूर घ्यावा. दोन्ही बाजूंच्या उभ्या कातळांमधून वाट काढताना सुरुवातीला थंडगार पाण्याचे डोह लागतात आणि पुढे मोठमोठ्या दगडांवरून तोल सांभाळत जावे लागते, तेव्हा पाय कुठे टेकवायचा हे तोच दाखवतो. पावसाळ्यात याच घळीतून पाण्याचा लोंढा वाहतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच बेत आखावा. मुंबईकरांना कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वेने येऊन घोटी, शेंडीमार्गे खासगी वाहनाने गावात पोहोचता येते.