शिशाच्या भावाने लोखंड: जुन्या होडीच्या बॅलास्टमधील फसवणूक

चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत हतनूर धरणाचा फुगवटा पसरतो. तिथे आम्हा काही मित्रांची एक जुनी, फायबरची शिडाची होडी आहे. तिच्या तळातले मूळ वजन, म्हणजे बॅलास्ट, आधीच्या मालकाने काढून टाकले होते, त्यामुळे शिडात वारा भरला की ती फार कलत असे आणि सावरायला वेळ घेत असे. म्हणून तळात २०० किलो शिसे बसवायचे ठरले. शिसेच घेण्याचे कारण असे, की ते थोड्या जागेत मावते आणि होडीचा गुरुत्वमध्य खाली नेते. तेवढेच वजन उंचावर रचले, तर होडी पाण्यात अधिक बुडते, पण स्थिर होतेच असे नाही.

जळगावच्या एका भंगार व्यापाऱ्याने जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाचे वीस-वीस किलोचे ठोकळे ओतून देण्याचे कबूल केले. शिसे विषारी असल्याने ठोकळ्यांना लाल रंग देतो, असेही त्याने सुचवले आणि ते रास्तच होते. केळीच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर माल तोलला, वजन पूर्ण भरले आणि शिशाच्या भावाने पैसे चुकते झाले. लबाडी वजनात नव्हतीच.

२०० किलो शुद्ध शिसे १८ लिटरहून कमी जागेत बसते. त्या हिशेबाने फळ्यांखाली केलेल्या कप्प्यांत ठोकळे मावेनात, तेव्हा व्यापाऱ्याने ‘ओतकाम खडबडीत आहे, आत हवा राहते’ असे उत्तर दिले. खिळ्याने कोपरा खरवडला, तर मऊ, चकचकीत शिसेच दिसले. मग ड्रिल लावले. आधी चंदेरी, मऊ वेटोळी निघाली, आणि थोडे आत गेल्यावर ड्रिल कर्कश वाजू लागून काळा चुरा पडू लागला. शिशाच्या सालीआड ओतीव लोखंड होते.

ठोकळा न फोडताही हे कळू शकते. वीस किलोचा ठोकळा लटकत्या काट्याला बांधून बादलीतल्या पाण्यात, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवावा. शिसे असेल तर काटा १८ किलोच्या वर राहतो, ओतीव लोखंड असेल तर सव्वासतराच्या आसपास येतो. आमच्या ठोकळ्यांनी साडेसतरा दाखवले.

नुकसान केवळ पैशांचे नाही. असे ठोकळे जास्त जागा व्यापत असल्याने थर वर चढतो आणि ज्यासाठी खर्च केला तो फायदाच घटतो. शिवाय तळातल्या ओलीत लोखंड गंजून फुगते; ते रेझिनमध्ये पक्के बसवले असते, तर फायबरला तडे गेले असते. भर पाण्यात हे घडण्याच्या कल्पनेने आजही संताप होतो.

व्यापारी आता ‘शिसे म्हणालोच नव्हतो’ असे सांगतो, कारण कच्च्या पावतीवर फक्त ‘ठोकळे’ आणि वजन लिहिले आहे. पैसे देण्यापूर्वी पक्क्या पावतीवर धातूचे नाव लिहून घ्यावे आणि त्याच्यासमोरच एक ठोकळा पाण्यात तोलून पाहावा. फसवणूक झालीच असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ड्रिल मारलेला ठोकळा आम्ही पुरावा म्हणून तसाच जपून ठेवला आहे.