अलोहा: गॅस पाईपलाईनवर चालवून बघितलं

सेफ्टीत काम करणाऱ्यांना अलोहा माहीत असेलच, नसेल तर सांगतो, केमिकल गळलं, पेटलं किंवा त्याचा स्फोट झाला तर धोका कुठपर्यंत पोचेल ते नकाशावर दाखवणारं, अमेरिकेच्या नोआ आणि ईपीए ह्या सरकारी संस्थांचं सॉफ्टवेअर आहे आणि एकदम फुकट, लायसन्सची भानगडच नाही. दिसायला मात्र विंडोज ९५ च्या जमान्यातलं. लोकेशनच्या लिस्टमध्ये आपलं गाव शोधत बसू नका, अक्षांश-रेखांश आणि उंची टाकून स्वतःच ॲड करायचं.

मी सॅन ब्रुनोची केस घेतली. कॅलिफोर्निया, ९ सप्टेंबर २०१०, जमिनीखालची ३० इंची गॅस लाईन, फुटली तेव्हा प्रेशर ३८६ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), ८ माणसं गेली, ३८ घरं खाक. तपासाचा सगळा रिपोर्ट जाहीर आहे, म्हटलं ताळा करता येईल.

केमिकलमध्ये नॅचरल गॅस मिळत नाही, मिथेन घ्यायचा. लाईनची लांबी व्यासाच्या निदान २०० पट लागते, म्हणजे ३० इंचीला दीडशे मीटरच्या वर, त्याहून कमी चालत नाही. जेट फायर, म्हणजे पाईपमधून जोरात सुटलेल्या गॅसची पेटती ज्वाळा, घेतलं की उष्णतेचे चौरस मीटरला १०, ५ आणि २ किलोवॅटचे तीन पट्टे येतात, १० च्या लाल पट्ट्यात मिनिटभर सापडला तर माणूस जाऊ शकतो, आणि हे सगळं गुगल अर्थवर टाकता येतं. इथपर्यंत मस्त.

खरी गंमत स्फोटाच्या ऑप्शनला आहे. स्फोटाच्या लाटेचा दाब ८ पीएसआय असला की इमारत जाते, ३.५ ला गंभीर इजा, १ ला काचा. पण मोकळी जागा आणि नुसती ठिणगी असं दिलं की बऱ्याचदा नकाशावर काहीच उमटत नाही, आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं. अहो, मोकळ्यावर गॅस पेटतो, दणका बसायला ढग पाईप-झाडं-भिंतींच्या दाटीत अडकावा लागतो! आमच्या ओळखीतले एक कन्सल्टंट सरळ दाटी आणि डिटोनेशन (ठिणगीऐवजी स्फोटकाने ढग उडवणं) निवडतात, नकाशा रंगीत दिसतो म्हणून, आणि त्याचे पैसे घेतात.

आता नाराजी. सॅन ब्रुनोत २८ फुटी पाईपचा तुकडा, सुमारे १३६० किलोचा, उडून १०० फुटांवर पडला, खड्डा ७२ फूट लांब. अलोहात तुकडे नाहीत, खड्डा नाही, शेजारच्या लाईनचं काय होईल तेही नाही. मधेच तुटून दोन्ही तोंडांनी गळणारी लाईन त्याला जमत नाही आणि नेमकं तिथे तेच झालं होतं. हिशोब फक्त पहिल्या तासाचा, तिथे गॅस बंद करायलाच ९५ मिनिटं गेली.

पाईपचं स्टील कुठे फाटेल, किती चेपेल हे बघायचं तर एलएस-डायनासारखं, धक्क्याने वस्तू कशी वाकते-फाटते ते काढणारं महागडं सॉफ्टवेअर लागतं, माती, मेश (मॉडेलचे बारीक तुकडे), मटेरियल सगळं स्वतः भरायचं, आणि एक रन रात्रभर चालतो. शिवाय लायसन्सचा आकडा मॅनेजरला सांगायची हिंमत पाहिजे.

इमर्जन्सी प्लॅनसाठी ४ स्टार. पाईपच्या डॅमेजसाठी १, तोही फुकट आहे म्हणून.