मकाबी तेल अवीवची मॅच, यद एलियाहू हॉल: ४ स्टार (त्यातला एक काकांचा)

आधीच सांगून टाकतो, मला बास्केटबॉलमधलं शष्प कळत नाही. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरात क्रिकेट सोडून दुसरा खेळ कधी लागलाच नाही. २०२३च्या जानेवारीत इस्रायलला मावशीकडे लोदला गेलो होतो, तेव्हा काका म्हणाले, अरे जेरुसलेम, डेड सी सगळं बघशील, पण गुरुवारी मी नेतो तिथे आलास तरच देश बघितला म्हणायचं. म्हणून हा रिव्ह्यू. खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत राहिला होता.

तिकिटाचं आधी उरकतो. काकांच्या मुलाने कुठल्याशा रीसेल साइटवरून ऑनलाइन घेतलेली, दोन सीट शेजारी शेजारी असं लिहिलेलं आणि निघाल्या दोन वेगवेगळ्या रांगांत. मेल केला तर आजतागायत उत्तर नाही. शेवटी काका त्या रांगेतल्या पोराशी हिब्रूत काहीतरी बोलले आणि तो उठून चक्क मागे जाऊन बसला. मी विचारलं काय सांगितलंत, तर म्हणे, सांगितलं मी सत्त्याहत्तरपासूनचा आहे. बास, एवढंच. तात्पर्य, तिकीट क्लबकडूनच घ्या, नाहीतर सोबत सत्तरीचा माणूस ठेवा.

हॉलचं कागदावरचं नाव आता मेनोरा मिव्ताखिम अरेना, त्याआधी नोकिया होतं, पण काका आणि त्यांच्या वयाचे सगळे यद एलियाहू किंवा नुसतं 'हेखाल' म्हणतात, म्हणजे महाल. १९६३ला उघडला तेव्हा वर छप्परच नव्हतं, मोकळ्या आभाळाखाली मॅचेस व्हायच्या, छप्पर आलं १९७२ला. आता दहा हजारांच्या वर लोक बसतात आणि सगळे मकाबीच्या पिवळ्या रंगात. आत शिरलो की हळदीच्या कार्यक्रमाला आल्यासारखं वाटतं, फक्त हे लोक ओरडतात जास्त.

आवाजाबद्दल काय लिहू, मॅच सुरू व्हायच्या आधीच माझे कान गेले. समोर एक स्पॅनिश टीम होती, त्यांचा माणूस फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटला, उभा राहिला की दहा हजार लोक एकदम शिट्ट्या घालतात आणि त्यात काकाही, खिशातल्या सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडत फोडत. बियांच्या पिशवीच्या आत मावशीने दिलेला पोह्यांचा चिवडापण होता, तो हाफटाइमला निघाला. पुढच्या रांगेतल्या बाईंना दिला तर त्यांनी मिरची खाल्ली आणि मग पाचेक मिनिटं मॅच नाही बघितली 😄

आता खरी गोष्ट. इथे तुम्ही जी मॅच बघता ती अर्धीच, उरलेली अर्धी शेजारचा माणूस सांगत असतो. वर छताला लटकलेले झेंडे बघून काकांनी सुरुवात केली ती थांबेचनात. युरोपचं अजिंक्यपद सहा वेळा: १९७७, १९८१, २००१, २००४, २००५, २०१४. देशातली लीग तर मोजायचीच नाही, पन्नासच्या वर. १९७० ते १९९२ सलग २३ वर्षं हेच चॅम्पियन! मी म्हटलं काका, मग बघायला मजा काय यायची, निकाल तर आधीच ठरलेला. त्यावर ते जरा गप्प झाले. १९९३ला गॅलिलीकडच्या हापोएल गलील एल्योनने ती साखळी तोडली तेव्हा बाकी अर्ध्या देशाने पेढे वाटले असणार. काकांचा स्वतःचा मुलगा तेल अवीवच्याच दुसऱ्या क्लबचा, हापोएलचा, म्हणजे लालवाल्यांचा, तिकिटं त्याने काढली पण स्वतः आला नाही. म्हणतो एका क्लबकडे सगळा पैसा आणि सगळे खेळाडू, त्यात कसलं कौतुक. मला त्याचं म्हणणं पटतं, म्हणून एक स्टार कापलाय.

पण गंमत अशी की काका तर लालच असायला हवे होते. हापोएल म्हणजे कामगार संघटनेचा क्लब आणि काका आयुष्यभर कारखान्यात, युनियनचं कार्ड खिशात. मग मकाबी कुठून?

काका १९६६ला अलिबागजवळच्या गावातून आईवडिलांबरोबर इथे आले, चौदा वर्षांचे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६४ला, इथल्या सरकारला जाहीर करावं लागलं होतं की बेने इस्रायल हे सगळ्या अर्थाने ज्यू आहेत, कारण रब्बी लोक लग्नं लावताना शंका काढत होते आणि आपल्या माणसांनी त्यासाठी धरणी धरली होती. ठराव झाला म्हणून लोकांची तोंडं थोडीच बंद होतात. शाळेत, नंतर कारखान्यात, काकांची हिब्रू ऐकून पोरं हसायची, त्यांचा 'ळ' मध्येच कुठेतरी घुसायचा म्हणे.

आणि मग १९७७. युरोपच्या स्पर्धेत सेमीफायनलच्या फेरीत समोर मॉस्कोची सीएसकेए, म्हणजे रशियन लष्कराची टीम. १९६७च्या युद्धानंतर सोव्हिएतने इस्रायलशी संबंध तोडलेले, त्यामुळे ते तेल अवीवला येईनात आणि यांना मॉस्कोला घेईनात. शेवटी १७ फेब्रुवारीला मॅच झाली बेल्जियममधल्या व्हर्टन नावाच्या एका छोट्याशा गावात. मकाबीने ९१-७९ अशी मारली. कॅप्टन टाल ब्रॉडी, मूळचा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा, १९६५ला एनबीएने, म्हणजे तिकडच्या मोठ्या लीगने, निवडलेला असताना तिकडे न जाता इकडे येऊन राहिलेला. मॅच संपल्यावर माइकसमोर तो त्याच्या त्या पक्क्या अमेरिकन उच्चाराच्या हिब्रूत बोलला की आम्ही नकाशावर आलोय आणि नकाशावरच राहणार, नुसतं खेळात नाही, सगळ्यातच. हिब्रूत असं कोणी म्हणतच नव्हतं, त्याने सरळ इंग्लिशमधलं उचलून आणलं होतं. आणि अख्ख्या देशाने ते तसंच्या तसं पाठ केलं, आज ते हिब्रूच झालंय.

काका मला म्हणाले, "अरे, माझ्या हिब्रूला हसत होते ना, तेच दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्या अमेरिकनासारखं तोंड वाकडं करून बोलत फिरत होते. मी म्हटलं, झालं, आता आपण पण बोलू." त्या दिवसापासून पिवळे.

हे ते सांगत होते तेव्हा खाली मकाबीने थ्री पॉइंटर टाकला, सगळा हॉल उठला आणि त्यांचं पुढचं एक वाक्य माझं ऐकायचं राहिलं.

फायनल ७ एप्रिलला बेलग्रेडला, इटलीच्या व्हारेसेविरुद्ध, ७८-७७, एका पॉइंटने. कोच राल्फ क्लाइन, बर्लिनमध्ये जन्मलेला, होलोकॉस्टमधून वाचलेला माणूस. लोक रात्री रस्त्यावर, तेल अवीवच्या चौकातल्या कारंज्यात उड्या. त्याच रात्री पंतप्रधान राबिनने बायकोच्या अमेरिकेतल्या डॉलर खात्याच्या भानगडीवरून बाजूला होतो म्हणून सांगितलं. मावशीला त्या रात्रीचा राबिन आठवतो, काकांना फक्त ७८-७७. आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट! काका म्हणतात माझी पिवळी टीम मला पहिली काही वर्षं राखाडीच दिसली, म्हणून पुढे पैसे जमल्यावर पहिल्यांदा इथे हॉलवर आलो तो रंग बघायला.

दुसरी गोष्ट त्यांनी मला बोट दाखवून जागेवर सांगितली, अगदी अमुक ठिकाणी पाय होता असं. ८ एप्रिल २००४, लिथुआनियाची झाल्गिरिस, मकाबी ३ पॉइंटने मागे, दोनेक सेकंद उरलेले. हरले तर फायनल फोरमधून, म्हणजे शेवटच्या चार टीममधून, बाहेर आणि त्या वर्षीचं फायनल फोर याच हॉलमध्ये, म्हणजे आपल्याच घरात पाहुण्यांचं लग्न बघत बसायचं. गुर शेलेफने कोर्टाच्या त्या टोकाकडून लांब पास फेकला, डेरिक शार्पने पकडला, वळला आणि लांबून टाकला. गेला. तीन पॉइंट, बरोबरी. मग ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळात, मकाबी जिंकली १०७-९९. मग फायनलला बोलोन्याच्या टीमला ११८-७४ असं धुतलं, ती मॅच नव्हतीच. काकांचे शेजारी म्हणे शार्पच्या शॉटच्या आधीच पार्किंगमधून गाडी काढायला गेले होते, त्यांना अजून सगळे चिडवतात.

२०१४ची मिलानची फायनल त्यांनी दोन वाक्यांत संपवली: आपला टायरीस राइस, समोर रियल माद्रिद, ओव्हरटाइम, ९८-८६. त्या मानाने कोच ओदेद कताशबद्दल बराच वेळ बोलले. मी गेलो तेव्हा तोच बाकावर उभा होता. हा मकाबीचा लाडका पोरगा, पण २००० साली ग्रीसच्या पानाथिनाइकोसकडून खेळला आणि युरोपच्या फायनलमध्ये मकाबीलाच हरवलं. काका त्याला अजून 'सासरी गेलेला' म्हणतात. टाइमआउटला तो बोर्डवर काहीतरी खरडत होता तर काका म्हणाले, लिही लिही, तेव्हा त्यांना पण असंच लिहून दिलं असशील.

मॅच मकाबी जिंकली. मला शेवटची पाच मिनिटं खरंच टेन्शन आलं, घसा बसला, आणि कशाबद्दल फाउल दिला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जाणार असाल तर थोडं: युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, मॅच बघा, देशातल्या लीगची नको, मजा त्यातच आहे. लहान मुलं असतील तर कानाला काहीतरी लावा. लवकर पोचा, सिक्युरिटीला रांग असते. गाडी आणू नका. आणि पिवळं घाला, मी निळं स्वेटर घालून गेलो ते चालून गेलं कारण निळा पण त्यांचाच रंग, पण लाल घालून गेलात तर माझं नाव सांगू नका.

मी परत आलो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि मकाबीला युरोलीगचे घरचे सामने बेलग्रेडला न्यावे लागले. काकांना फोन केला, म्हटलं आता तुमचा गुरुवार कसा. ते म्हणाले, "बेलग्रेड ना? माहितीये की मला. सत्त्याहत्तरला जाऊन आलोय." काका आयुष्यात बेलग्रेडला गेलेले नाहीत. मागून मावशी ओरडत होती की यांनी परत बिया सोफ्यात सांडल्यात.