दावं तोडणाऱ्या घोड्यासाठी टाय रिंग: घ्यावी का?

बांधलेला घोडा मागे रेटतो तो बहुतेक वेळा भीतीने, पळून जायच्या इराद्याने नव्हे. मोहरकीचा (डोक्यात घालायच्या, दावं बांधायच्या साजाचा) पट्टा कानांमागे आवळला की तो मान वर करतो, मान वर गेली की पट्टा आणखी आवळतो. मग डोळ्यांचं पांढरं दिसू लागतं, पुठ्ठा खाली बसतो, मागचे पाय मातीत रुततात. हुक तुटतो, नाहीतर मेख उपटते, आणि घोडा मागच्या मागे कोलमडतो. मानेला कायमची इजा व्हायला एवढं पुरतं. एकदा तुटून सुटला की 'रेटलं की सुटतो' हा धडा पक्का होतो, आणि पुढची मोहरकी कितीही जाड आणली तरी तो विसरत नाही.

टाय रिंग नेमकं हे दुष्टचक्र तोडते. गोल कडी आणि तिच्यावर बिजागरीसारखी हलणारी जीभ, एवढंच तिचं अंग. 'ब्लॉकर' कंपनीच्या सुधारित नमुन्यात जीभ जागेवर धरायला चुंबक असतो. दोराचा दुमडलेला वेढा कडीतून आत घालायचा आणि जीभ त्या वेढ्यातून खाली सोडायची. घोडा रेटतो तेव्हा दोर घासत, जड हाताने सरकतो. तटकन थांबतही नाही, एकदम सुटतही नाही. कानांमागचा ताण वाढत जात नाही, म्हणून घोडा दोन-तीन पावलांतच थांबतो, मान खाली येते, जबडा चावल्यासारखा हलतो. पकड वाढवायची तर जिभेवर आणखी एक फेरा.

दोर मात्र रिंगइतकाच महत्त्वाचा. १२ ते १४ मिलिमीटर जाडीचा, विणलेला, ६-७ मीटर लांब हवा. पातळ प्लॅस्टिकचा दोर एकतर सुळकन सरकतो किंवा जिभेत अडकतो, आणि तळहात सोलतो तो वेगळाच. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची नाही. ती कडीत अडकली तर सगळा उपयोग संपला. स्वस्तातली रिंग घेताना जिभेवरून बोट फिरवून पाहावं. वेल्डिंगचे खवले लागले तर ती नको, दोर तिथेच कातरतो.

रिंग घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित वर, जमिनीत पक्क्या गाडलेल्या खांबाला बसवावी. फाटक, फळी, गाडीचं हँडल यांना अजिबात नाही. खाली बसवली तर दोरावरून पाय जातो. आणि बांधायचं ते मोहरकीला; लगामाला बांधलेल्या घोड्याने एक हिसका दिला तरी तोंड फाटतं.

रिंगच्या आधीचा धडा कोणतीच वस्तू देत नाही. दोर हलका ताणून धरायचा, मान जराशी खाली किंवा पुढे आली की त्याच क्षणी सैल. हे दहापैकी दहा वेळा जमल्याशिवाय बांधू नये. मग फिरवून आणलेल्या घोड्याला, शेजारी शांत घोडा असताना, पाच मिनिटं बांधावं. पुढे दहा, मग वीस. पायाने जमीन उकरत असताना सोडलं तर उकरणं हीच सुटकेची युक्ती ठरते. चारही पाय स्थिर, मान सैल, तेव्हाच सोडायचं, मग एखादं मिनिट जास्त थांबावं लागलं तरी चालेल.

तक्रार एकच, पण मोठी. रेटल्यावर दोर लांब सुटतो आणि तो झोळ कुणीतरी लगेच ओढून घ्यावा लागतो, नाहीतर पाय त्यात गुंततो. काही हुशार घोडे सावकाश मागे सरकत पूर्ण दोर काढून घेतात. म्हणून रिंगवर घोडा एकटा सोडता येत नाही. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर तासन्‌तास उभं राहायचंय किंवा सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत रात्र काढायचीय, तर शेवटी घोड्याला घट्ट दाव्याची, आगाडी-पिछाडीची (पुढून आणि मागून बांधायच्या दोरांची) सवय हवीच. तिथवर न्यायला रिंग उत्तम. शिंगरू किंवा एकदा बिथरलेला घोडा असेल तर घ्याच. वर्षानुवर्षं शांत उभ्या राहणाऱ्या घोडीसाठी साधं दावं आणि आपण मोकळं टोक ओढताच सुटणारी सुरगाठ पुरेशी आहे.