प्रेल्यूडच्या सहा पिढ्या, वळणावर पारखून

होंडाची नवी प्रेल्यूड, म्हणजे दोन दारांची गाडी, सप्टेंबर २०२५ मध्ये जपानात विक्रीला आली आणि जो तो एकच विचारू लागला: ताकद किती? १८४ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) मोटर, क्लचचं पेडल नाही आणि किंमत ६१,७९,८०० येन. एवढं ऐकूनच बरेच जण नाक मुरडतात. मला मुळात हा हिशेबच पटत नाही. प्रेल्यूडचं नाव ताकदीमुळे कधीच झालं नाही. इंजिन पुढे, जोरही पुढच्याच चाकांना (फ्रंट व्हील ड्राइव्ह), अशा साध्या मांडणीची गाडी वळणात नेटकी कशी वळवायची, या एका प्रश्नावर होंडाने या घराण्यात वर्षानुवर्षं डोकं चालवलं. नवी गाडीही त्याच मापाने मोजायला हवी.

मी योकोहामात राहतो, टायर आणि व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम करतो. जुन्या प्रेल्यूड अजूनही आमच्या लिफ्टवर चढतात, आणि तिसऱ्या पिढीतली एक माझ्या स्वतःच्या दारात उभी आहे. गाड्यांकडे मी खालून बघतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिली प्रेल्यूड १९७८ ची. विजेवर सरकणारं सनरूफ आणि वेग व इंजिनचे फेरे दाखवणारे काटे एकाच गोल डायलमध्ये, ही तिची ओळख. रुंदी अवघी १६३५ मिलीमीटर. चालवायला सुबक, पण मागच्या सीटवर मोठ्या माणसाला बसवू नये. तिच्याबद्दल मला याहून जास्त सांगावंसं वाटत नाही.

खरी प्रेल्यूड १९८२ मध्ये सुरू झाली. होंडाला बॉनेट खाली आणायचं होतं, पण पुढचा स्ट्रट, म्हणजे चाकाला धरणारा उभा दांडा, उंच असतो, तो आडवा येत होता. म्हणून स्ट्रट काढून डबल विशबोन सस्पेन्शन (दोन आडव्या हातांनी चाक धरणारं) बसवलं आणि दिवे पॉप-अप, म्हणजे लागतील तेव्हाच वर येणारे, केले. दिसण्याच्या हट्टापायी सस्पेन्शन सुधारलं, असं क्वचितच घडतं. चारही चाकांना एबीएस जपानी गाडीत पहिल्यांदा मिळाला तो इथेच. आमच्या वर्कशॉपमधले सर्वांत ज्येष्ठ मेकॅनिक तरुणपणी हीच गाडी चालवायचे. शेजारच्या सीटची पाठ मागे पाडायचा खटका ड्रायव्हरच्या बाजूला होता, हे सांगताना आजही त्यांचा चेहरा खुलतो. जपानात तिला ‘डेट कार’ म्हणायचे ते उगीच नाही.

आता तिसरी, १९८७ ची. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

निव्वळ यांत्रिक जोडणीने चारही चाकं वळवणारी ही पहिली मोठ्या संख्येने बनलेली प्रवासी गाडी. आणि यात कसलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. पुढच्या स्टीअरिंग रॅकमधून एक लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागच्या गिअरबॉक्सला फिरवतो. त्या गिअरबॉक्समध्ये ग्रहमाला गिअर आणि केंद्रापासून सरकलेला शाफ्ट अशी जोडणी आहे. स्टीअरिंग थोडं वळवलं की मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने वळतात, जास्तीत जास्त दीड अंश. आणखी वळवत गेलात की ती सरळ होतात, आणि मग उलट दिशेला ५.३ अंशांपर्यंत जातात.

हे सुचणाऱ्याला मी मनापासून मानतो. वेगात असताना माणूस स्टीअरिंग थोडंच वळवतो, आणि पूर्ण वळवतो ते गाडी लावताना. म्हणजे वेग मोजायची गरजच उरली नाही, स्टीअरिंगचा कोनच वेगाचं काम करतो. हमरस्त्यावर लेन बदलताना मागची बाजू पुढच्याला चिकटून सरकते, शेपूट हलत नाही. अरुंद गल्लीत हीच गाडी स्वतःभोवती फिरल्यासारखी वळते. भिंतीला लागून उभी असेल तर मात्र पूर्ण स्टीअरिंग मारून निघू नये, कारण मागचा कोपरा आधी भिंतीकडे झुकतो. ही सवय लागायला वेळ लागतो. १९८७ मध्ये ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकी मासिकाच्या स्लॅलम चाचणीत (शंकूंमधून नागमोडी गाडी पळवायची) हिने कॉर्व्हेट या ताकदवान स्पोर्ट्स कारलाही मागे टाकलं होतं. दोन लिटरच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीने! लिफ्टवर तिच्याखाली उभं राहून दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवायला सांगावं आणि मागची चाकं एकदा इकडे, मग तिकडे जाताना बघावीत. इतक्या गाड्या पाहूनही मला याचा कंटाळा आलेला नाही.

चौथी पिढी १९९१ ची, आणि तिचा आकार थेट जपानी कराशी बांधलेला आहे. गाडी १७०० मिलीमीटरपेक्षा रुंद झाली किंवा इंजिन दोन लिटरच्या वर गेलं की ती मोठ्या वर्गात जायची आणि वार्षिक कर दुपटीहून जास्त व्हायचा. १९८९ मध्ये हा नियम बदलला, रुंदीचा कराशी संबंध तुटला. लगेच प्रेल्यूड १७६५ मिलीमीटर झाली, लांबी मात्र उलट जराशी घटली. २.२ लिटरचं व्हीटेक (फेऱ्यांनुसार झडपांची हालचाल बदलणारं) इंजिन २०० पीएस द्यायचं आणि आवाज असा की बोगद्यात काच खाली करावी. मागची चाकं आता विजेच्या मोटरने, वेग बघून वळायची. कागदावर ही प्रगती आहे. हाताला मला ती जुन्या शाफ्टइतकी प्रामाणिक वाटत नाही, कारण मागे नेमकं काय चाललंय याचा अंदाज बोटांना येत नाही. पॉप-अप दिवेही गेले. पण डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली मीटरची पट्टी रात्री बघावी अशी.

पाचवी आली १९९६ मध्ये. टाइप एस मॉडेलमध्ये २२० पीएस, आणि एटीटीएस नावाची यंत्रणा. वळणात बाहेरच्या पुढच्या चाकाला ती आतल्यापेक्षा जास्त वेगाने फिरवते, त्यामुळे नाक आत ओढलं जातं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर बाहेर पळण्याऐवजी आत वळणारी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी तेव्हा नवलच होती. पण त्या काळात जपानी कुटुंबं ओडिसी आणि स्टेपवॅगन या होंडाच्याच मोठ्या कौटुंबिक गाड्यांकडे वळली होती. दोन दारांच्या कूपेला गिऱ्हाईक उरलं नाही आणि २००१ मध्ये प्रेल्यूड थांबली.

चोवीस वर्षांनी आलेली सहावी मी ओदावारापासून हाकोने टर्नपाइक या डोंगरी रस्त्यावर चढवली आणि त्याच रस्त्याने खाली आणली. दोन लिटरचं इंजिन बहुतेक वेळ वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते. चढावर ती पुरेशी जोरकस आहे, थरारक नाही. मजा उतारावर. पुढचं ड्युअल ॲक्सिस सस्पेन्शन आणि ब्रेम्बोचे ब्रेक होंडाच्याच वेगवान सिव्हिक टाइप आरचे आहेत. स्टीअरिंगचा अक्ष स्ट्रटपासून वेगळा केल्यामुळे वळणातून जोर देत निघताना हातात ओढ येत नाही. चाकांमधलं अंतर २६०५ मिलीमीटर, म्हणजे सिव्हिकपेक्षा १३० ने कमी, आणि हा फरक लागोपाठच्या वळणांत स्पष्ट कळतो. नाक लगेच आत येतं, मागची बाजू शांत राहते. माझ्या तिसऱ्या पिढीशी हिचं नातं मला तिथे जाणवलं.

एस प्लस शिफ्ट हा हिचा स्वतःचा शोध. गिअरबॉक्स नसताना आठ गिअर असल्यासारखे इंजिनचे फेरे चढतात, उतरतात, आणि पॅडल ओढलं की खरोखर वेग कमी होतो. बटण बंद ठेवून गाडी चालवली तर ती कोऱ्या चेहऱ्याची वाटते, सुरू केली की उतारावर ब्रेकचा आणि वळणाचा ताल जमतो. माझ्या हाताला ते पटलं. आवाज मात्र स्पीकरमधून भर घालून येतो, आणि चौथ्या पिढीचं इंजिन ऐकलेल्या कानाला ते लपत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. दुसरीने डबल विशबोन आणलं, तिसरीने मागची चाकं वळवली, पाचवीने जोराची वाटणी केली. सहावी उत्तम वळते, पण वळण्यासाठी तिच्यात जे जे आहे ते दुसऱ्या गाडीकडून घेतलेलं आहे. प्रेल्यूडने वळणासाठी स्वतःचं काहीच आणलं नाही, असं दुसऱ्या पिढीनंतर प्रथमच घडतंय. साठ लाखांवर येन मागणाऱ्या गाडीकडून मला तेवढी अपेक्षा होती. सीटची कल्पना मात्र छान आहे: ड्रायव्हरची घट्ट धरणारी, शेजारची मऊ. डिकीऐवजी मागे मोठं दार आहे, सामान भरपूर मावतं. पाठीमागची सीट पहिल्या पिढीपासून आहे तशीच, नावापुरती.

वापरलेली घ्यायची असेल तर तिसरी बघा, फोर व्हील स्टीअरिंगवाली. लिफ्टवर चढवून मागच्या गिअरबॉक्समध्ये ढिलेपणा आहे का ते तपासा, आणि अलाइनमेंट करणाऱ्याला आधी विचारा की मागचं स्टीअरिंग मध्यावर खिळवून मग तो माप घेतो का. न खिळवता घेतलेलं माप निरुपयोगी. नवी घ्यायची असेल तर एस प्लस सुरू करून उताराच्या रस्त्यावर चालवून बघा. आणि सही करण्याआधी घराच्या पार्किंगवरची मर्यादेची पाटी वाचा: गाडीची रुंदी १८८० मिलीमीटर आहे, आणि जपानातल्या अनेक यांत्रिक (गाडी उचलून ठेवणाऱ्या) पार्किंगची मर्यादा १८५०.